कॅम्पसजवळचं झेरॉक्स-बायंडिंगचं दुकान: पेपरची प्रिंट काढायची असेल तर इथंच जा

नागपूरला अमरावती रोडवर कॅम्पसजवळ एक ताई अन् तिचा भाऊ छोटंसं झेरॉक्सचं दुकान चालवतात, त्यांच्याबद्दल लिहायचं होतंच. मी सायकॉलॉजीत एमए करतोय, डिझर्टेशन सायकेडेलिक अवस्थांवरच्या, म्हणजे भास घडवणाऱ्या द्रव्यांनी मनाची जी अवस्था होते तिच्यावरच्या, संशोधनाच्या आढाव्याचं आहे. नुसतं वाचनच, कारण एलएसडी, सायलोसायबिन (काही मशरूममधलं द्रव्य) असली द्रव्यं आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतात. मोबाईलवर पेपर वाचून डोळे दुखायला लागले म्हणून प्रिंट काढायचं ठरवलं.

आधी दुसरीकडे दिले होते, तिथं सगळं ब्लॅक अँड व्हाईट काढून हातात ठेवलं. त्यात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा २०१२ चा पेपर होता. सायलोसायबिन दिल्यावर मेंदूच्या काही महत्त्वाच्या भागांतला रक्तप्रवाह वाढला नाही तर उलट कमी झाला, हाच त्याचा गाभा, अन् वाढ कुठं घट कुठं हे स्कॅनच्या रंगावरूनच कळतं. करड्या छपाईत दोन्ही एकसारखंच दिसतं, मग वाचायचं काय? इथं ताईनं फाईल उघडल्याबरोबर विचारलं, "दादा, हे पानं कलरच काढा लागतीन नं?" तेवढी सहा पानं कलर, बाकी साधी. पैसेही वाचले.

दुसरं म्हणजे बायंडिंगचा क्रम. १९६२ साली बोस्टन युनिव्हर्सिटीच्या मार्श चॅपलमध्ये वॉल्टर पान्के या संशोधकानं धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, अर्ध्यांना सायलोसायबिन अन् अर्ध्यांना तुलनेसाठी निकोटिनिक ॲसिड (एक व्हिटॅमिन), ज्यानं फक्त अंग तापल्यासारखं होतं, त्यामुळे कोणाला काय मिळालं ते थोड्याच वेळात सगळ्यांना कळलं. पुढं १९९१ मध्ये रिक डॉब्लिन या दुसऱ्या संशोधकानं त्यातल्या बऱ्याच जणांना शोधून काढलं, तेव्हा समजलं की एकाला इतका त्रास झाला की शांत करायचं औषध द्यावं लागलं होतं, अन् पान्केनं ते लिहिलंच नव्हतं. मला हे फार लागलं. म्हणून हे दोन पेपर पाठोपाठच हवे होते, मधे २००६ चा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा सायलोसायबिनवरचा पेपर नको. ताईनं चिठ्ठी बघून तसंच लावलं, मधे पिवळा कार्डशीट टाकून.

एकच तक्रार, स्पायरलची भोकं जरा आत पाडली, दोन टेबलांच्या पहिल्या कॉलमचे आकडे गेले. सांगितल्यावर ती पानं फुकट काढून दिली. शनिवारी दुपारी जाऊ नका, जर्नलवाल्यांची लाईन असते.