गुहागरच्या बाजारातलं मेडिकल : पाचपैकी चार

व्याडेश्वराच्या देवळावरून थोडं पुढे आलं की हे दुकान. बाहेरून बघाल तर काही खास नाही, पावसात पायरीवर नुसता चिखल. पण आमच्या घरातलं एक भांडण इथे मिटलं, म्हणून लिहितेय.

आमच्या ह्यांना मधुमेहासाठी एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे. तेव्हा एक गोळी ६० रुपयांच्या आसपास पडायची. मार्च २०२५ मध्ये मुलाचा मुंबईहून फोन, "बाबा, तुमच्या गोळीचं पेटंट एक्सपायर झालं!" ह्यांनी त्यातलं 'एक्सपायर' तेवढं ऐकलं आणि गोळी बंद. मला पत्ताच नाही. चार दिवसांनी देव्हाऱ्याखालच्या खणात अख्खं पाकीट सापडलं, तेव्हा जे काय व्हायचं ते झालं.

तशीच ह्यांना घेऊन दुकानात गेले. दुकानदार हसला नाही, हे मला फार आवडलं. पट्टी उलटी करून छापलेला महिना दाखवला. "काका, ही तारीख या पट्टीची. या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत बिनधास्त घ्या. पेटंट म्हणजे कंपनीचा हक्क, अर्ज केल्यापासून २० वर्षांचा. तुम्ही कलमं कराराने देता ना? करार संपला म्हणून आंबा कुजतो काय?"

"कुजेल कसा?"

"मग? आता ही गोळी बाकीच्यांनाही काढता येते, म्हणून भाव पडलाय."

करार म्हटल्यावर ह्यांना लगेच कळलं. मी तेच घरी तासभर सांगत होते, ते सोडा.

नव्या कंपनीची गोळी, तेच औषध, तेच १० मिलिग्रॅम, दहा रुपयांच्या आत. तरी त्याने लगेच हातात दिली नाही. चिपळूणच्या डॉक्टरांना फोन करायला लावला, ते हो म्हणाले, मग दिली.

अर्धी पट्टी मागितली तर हा तारखेची बाजू आपल्याकडे ठेवत नाही, गिऱ्हाइकाला देतो. दुसरीकडे एका मोठ्या दुकानात नेमकी तीच कापून ठेवून घेतली होती. सासूबाईंची अ‍ॅस्पिरिन श्रावणात खिडकीत राहिली, त्या डबीला व्हिनेगरचा वास येत होता. तारीख अजून वर्षभर पुढची. "दमट हवेत ही गोळी अशीच फुटते, टाकून द्या," म्हणाला आणि नवी डबी कोरड्या कपाटात ठेवायला सांगितली.

एक तारा कापला तो डोळ्यांच्या थेंबांसाठी. बाटलीवर पुढच्या वर्षाची तारीख, पण उघडल्यावर महिन्याभरात टाकायची, हे देताना बोललाच नाही. मी भिंग लावून बारीक अक्षरात वाचलं. आता झाकण फोडलं की बाटलीवर पेनाने तारीख घालते.

दुपारी एक ते साडेचार बंद असतं. बाराच्या एसटीने येणार असाल तर आधी फोन करा.