ॲडमिन पॅनेल रडतंय: होस्टिंग बदलू की साफसफाई करू?

चप्पल लाइनमधल्या एका दुकानदार मित्राचा वूकॉमर्सवरचा (वर्डप्रेस साईटवर ऑनलाइन दुकान चालवणारं सॉफ्टवेअर) ऑर्डरचा पडदा उघडायला अर्धा मिनिट लागतो. गिऱ्हाइकाला साईट मात्र झटकन दिसते. "मोठा सर्व्हर घेऊ काय भावा?" असं त्यानं विचारलं.

गिऱ्हाइकाला तयार पान कॅशमधून, म्हणजे आधीच बनवून ठेवलेल्या साठ्यातून मिळतं; लॉगिन केलेल्या मालकासाठी प्रत्येक पान नव्यानं बनतं. म्हणून दुखणं फक्त आतल्या बाजूला दिसतं.

खर्च: सर्व्हरचे पैसे दरवर्षी जातात. साफसफाईला, म्हणजे नको असलेले प्लगइन (साईटला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) आणि साठलेला डेटा काढायला, एक निवांत दुपार आणि आधी घेतलेला बॅकअप पुरतो.

मेहनत: इथं सर्व्हर सोपा, स्थलांतर बहुतेकदा कंपनीच करून देते. साफसफाईत डोकं लावावं लागतं. क्वेरी मॉनिटर हे तपासणीचं प्लगइन टाकून कुठलं प्लगइन वेळ खातंय ते बघायचं. मग वर्डप्रेसमधलं साईट हेल्थ हे तपासणीचं पान उघडायचं, वर्डप्रेस ६.६ पासून ऑटोलोड होणारा (प्रत्येक पान बनताना आपोआप वाचला जाणारा) डेटा सुमारे ८०० केबीच्या वर गेला की तिथं इशारा येतो. काढून टाकलेल्या प्लगइनांचा कचराही त्यातच साठलेला असतो.

टिकाऊपणा: कचरा तसाच ठेवून सर्व्हर वाढवला तर काही महिन्यांत पुन्हा तेच. मला हे फार खटकतं, कारण छोट्या दुकानदाराचा पैसा फुकट जातो.

जुनी साईट, ढीगभर प्लगइन असतील तर आधी साफसफाईच. ती करूनही एकाच वेळी चार-पाच जण ऑर्डरी हाताळताना पॅनेल अडकत असेल, किंवा होस्ट नवी पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं ती) आणि रेडिस (डेटा झटकन मिळावा म्हणून मेमरीत ठेवणारं सॉफ्टवेअर) देतच नसेल, तर बिनधास्त सर्व्हर बदला.