कंबरेच्या मणक्याची झीज आणि आठ महिन्यांची फिजिओ: माझा अनुभव

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. वय ५७, बत्तीस वर्षं ऑफिसच्या खुर्चीत काढली, आता रिटायर, राहायला पुण्यात सिंहगड रोडला. कंबर अधूनमधून धरायची तशी जुनीच सवय, पण मागच्या मे महिन्यात असं व्हायला लागलं की ओट्याशी दहा मिनिटं उभी राहिले की कंबर गच्च, पोळी तव्यावर टाकायची आणि खुर्ची ओढायची. बसलं की बरं, वाकलं की बरं, पण हात वर करून फळीवरचा डबा काढायला गेलं की अशी चमक निघायची की डबा हातातून सुटेल.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, एमआरआय झाला, रिपोर्टमध्ये फॅसेट आर्थ्रोपथी, ऑस्टिओफाइट्स म्हणजे हाडाला फुटलेली टोकं, एल फोर-एल फाइव्हची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली) गादी झिजलेली, वगैरे वगैरे. आमच्याकडे सगळ्यांनी एका वाक्यात निकाल लावला, "मणक्यात गॅप आलाय". जाऊबाईंनी डिंकाचे लाडू पाठवले, छान होते, कंबरेला काही फरक नाही. डॉक्टरांनी मात्र नीट समजावलं, की मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे छोटे सांधे असतात, तेच फॅसेट, गुडघ्यासारखीच त्यांच्यातली कूर्चा झिजते, उभं राहिलं किंवा मागे वाकलं की त्यांच्यावर भार येतो आणि बसलं की सुटतो, म्हणून तुमचं हे ओट्याचं दुखणं. आणि एक प्रश्न विचारला, सकाळी उठल्यावर किती वेळ आखडलेलं असतं? मी म्हटलं दहा-पंधरा मिनिटं. ते म्हणाले मग ठीक, अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आखडत असेल, वय कमी असेल, झोपून दुखत असेल आणि हिंडल्यावर बरं वाटत असेल तर तो वेगळा संधिवात, त्याला ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचा डॉक्टरच लागतो. हे मुद्दाम लिहितेय कारण घरातली तरणी मुलं असं म्हणाली की आपण "मोबाइल कमी कर" म्हणून सोडून देतो.

तर फिजिओ. पहिलं क्लिनिक घराजवळचं, नाव नको. १० सिटिंगचं पॅकेज, ४५०ला एक, पैसे आधी. शेक, मग ते वाट्यांसारखे कप लावून करंट, आयएफटी म्हणतात त्याला, मुंग्या आल्यासारखं होतं आणि मी तर चक्क घोरायचे, मग ट्रॅक्शन, म्हणजे पट्टे बांधून कंबर ताणायची. उठताना इतकं हलकं वाटायचं की काय सांगू! आणि रिक्षा घरापर्यंतचे स्पीडब्रेकर पार करेस्तोवर परत जैसे थे. व्यायाम म्हणून शेवटच्या दिवशी एक झेरॉक्स हातात दिली, त्यातली चित्रं इतकी पुसट की माणूस उताणा आहे की पालथा कळेना. नंतर मुलाने ब्रिटनच्या नाइस या आरोग्यसंस्थेची २०१६ची गाइडलाइन वाचून दाखवली, त्यात कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, आयएफटी, टेन्स (तोही करंटचाच प्रकार) देऊ नका असंच लिहिलंय, कंबरेचा पट्टापण नको. माझे साडेचार हजार गेल्यावर कळलं. शेक वाईट नाही हो, घरच्या पिशवीने मीही घेते, पण त्यासाठी पॅकेज कशाला.

दुसरी फिजिओ सहकारनगरला, मैत्रिणीने सांगितलेली. ७०० घेते, मशीन एकही नाही, म्हणून हे म्हणाले "नुसतं बोलायचे ७००?" पण त्या मुलीने पहिल्या दिवशी पाऊण तास मला फक्त उठवलं, बसवलं, चालवलं, वाकवलं आणि बघत बसली. मी रिपोर्ट पुढे केला तर म्हणाली, काकू, ज्यांचं काहीच दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय तपासलेत, २०१५मध्ये ते सगळं एकत्र करून छापलंय, गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत दिसली. झीज भरून येणार नाही, पण दुखणं कमी होऊ शकतं. मला हे ऐकून आधी राग आला, एवढा एमआरआयचा खर्च झाला ना.

व्यायाम अगदी साधे. उताणं झोपून कंबर चटईला टेकवायची, ब्रिजिंग, म्हणजे गुडघे मोडून कंबर पुलासारखी उचलायची, मांजरासारखी पाठ वर-खाली, नंतर रांगत एक हात आणि उलटा पाय लांब करायचा (यात मी दोनदा कलंडले, नातू हसून लोळला), मांडीच्या मागचे स्नायू ताणायचे, आणि दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं चालणं. नियम एकच, दहापैकी चारपर्यंत दुखलं तर चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत निवलं पाहिजे, नाहीतर निम्मं करायचं, बंद नाही करायचं. आणि ओट्याखाली पाट ठेवून आलटून पालटून एक पाय त्यावर. या पाटाने पहिल्याच दिवशी फरक पडला, खोटं नाही सांगत, देवघरातला जुना पाट, फुकट!

बाकी फरक मात्र लगेच नाही. पहिले तीन आठवडे उलट जास्त दुखलं आणि मी दोनदा सोडून द्यायच्या बेतात होते. सातव्या आठवड्यात एकदा पोळ्या संपल्या आणि लक्षात आलं की आज खुर्ची ओढलीच नाही. मग गौरी आल्या. सोळा भाज्या, पुरण, सकाळपासून उभी, कोणाचं ऐकते मी, तिसऱ्या दिवशी विसर्जनाला कॉटवरून उठवेना. वाटलं सगळं पाण्यात गेलं. फिजिओला फोन केला तर ती शांतपणे म्हणाली, पायात मुंग्या, बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं असं काही असेल तर लगेच डॉक्टर, नसेल तर उद्यापासून निम्मं चालू करा. दहा दिवसांत परत आधीच्या जागी आले, मे महिन्यात याच दुखण्याला महिना गेला होता.

आता हिशेब. आठ महिन्यांत तिच्याकडे फक्त ११ वेळा गेले, सुरुवातीला आठवड्याला, आता दीड महिन्यातून एकदा, म्हणजे ७,७००. घरचा व्यायाम रोज पंचवीस मिनिटं, आठवड्यातून एखाद दिवस बुट्टी. गोळी महिन्यातून एखादी. जानेवारीत पर्वती चढले, १०३ पायऱ्या, चढताना काही नाही, उतरताना मात्र कंबर बोलली, दोनदा टेकले. कीर्तनाला मांडी घालून अर्ध्या तासावर अजून बसवत नाही, खुर्चीत बसते, आधी लाज वाटायची. पीएमटी बसच्या मागच्या सीटवर बसत नाही, उभी राहीन एक वेळ. आणि कंटाळा, तो आहेच, तेच मांजर, तोच पूल, आठ महिने. मागच्या वेळी तिने पाच किलोची तांदळाची पिशवी उचलायला लावली, ढुंगण मागे, पाठ सरळ. पुढच्या वेळी साडेसात म्हणतेय, बघू.