टीव्हीवर ‘नो सिग्नल’ आलं आणि 44,509 रुपये गेले

31 वर्षं हिशेब सांभाळले, कुणाचा रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आणि माझ्याच खात्यातून 44,509 रुपये गेले. लिहायची लाज वाटते, पण मला फसवणारा तो माणूस आजही कुणाला तरी फोनवर गाठत असेल.

रविवारी भाच्याने टीव्हीला इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी स्टिक जोडून दिली. सोमवारी आईच्या मालिकेच्या वेळी पडद्यावर ‘नो सिग्नल’. आई 82 वर्षांची, तिचा तेवढाच विरंगुळा. घाईत डीटीएचचा कस्टमर केअर नंबर नेटवर शोधला आणि सगळ्यात वरचा लावला. असं करू नका, नंबर कंपनीच्या ॲपमधूनच घ्या.

“सर, पावसामुळे सिग्नल गेलाय, रिफ्रेश करावा लागेल. फक्त 10 रुपये.” पाऊस दोन दिवस पडलाच नव्हता! शिवाय त्याने ग्राहक क्रमांक विचारला नाही, रजिस्टर्ड मोबाइल विचारला नाही. खरी कंपनी आधी तेच विचारते. आठ वर्षं रिचार्ज करतोय, मला हे माहीत होतं. त्या क्षणी फोन ठेवायला हवा होता. आई समोर खुर्चीत रिमोट धरून बसली होती, म्हणून नाही ठेवला.

त्याने स्क्रीन शेअरचं ॲप घ्यायला लावलं. मी कार्डाने 10 रुपये भरले. ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही. सांगावाच लागला नाही, त्याला सगळं दिसत होतं. चार मिनिटांत 24,999 आणि 19,500 गेले.

बँक म्हणते, ओटीपी तुमच्याच फोनवर आला, म्हणजे व्यवहार तुमचाच. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लागायला पाऊण तास. पोलीस ठाण्यातून सायबरकडे पाठवलं, सायबरने परत ठाण्यात. ठाण्यात म्हणाले, “काका, शिकलेली माणसं तुम्ही!” बँकेला एफआयआर हवा, ठाण्यातून मिळाली नुसती पोच. तीच पोच चार टेबलांवर दाखवली. चोराला चार मिनिटं लागली, माझे सहा दिवस गेले. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवायचं कुणाचं काम आहे?

आणि बिघाड? मंगळवारी कोपऱ्यावरच्या केबलवाल्याने रिमोटवरचं सोर्सचं, म्हणजे टीव्हीने चित्र कुठल्या जोडणीतून घ्यायचं ते निवडायचं, बटण दाबलं, एव्हीवरून एचडीएमआय 1 केलं, चित्र आलं. पैसेही घेतले नाहीत. त्याने सांगितलं ते लक्षात ठेवा: छत्रीचा सिग्नल गेला तर बॉक्स स्वतःचा संदेश दाखवतो, बहुतेक वेळा एरर नंबरसकट. नुसतं ‘नो सिग्नल’ फिरत असेल, तर ते टीव्ही सांगतोय. आधी सोर्स बघा, मग वायर, मग बॉक्सचा दिवा.

काल पुन्हा फोन आला: “सर, रिफंड मंजूर झालाय, 999 भरा.” तोही नंबर कळवलाय. तक्रारीपुढे अजून ‘प्रक्रियेत’ एवढंच दिसतं.