जुनी वॅगन आर, ऑइल आणि फिल्टर: अकरा महिन्यांचा हिशेब

आमची वॅगन आर २००७ची. चार सिलिंडरचं १०६१ सीसीचं पेट्रोल इंजिन, मीटरवर १ लाख १८ हजार. पंधरा वर्षं झाली तेव्हा पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून घेतलं, म्हणजे गाडी ठेवायची हे तेव्हाच ठरलं. वापर म्हणाल तर कराडातल्या दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या आणि महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला बहिणीकडे.

गाडी ऑइल खायला लागली. मेकॅनिकचं उत्तर तयार होतं, "काका, इंजिन जुनं झालंय, आता जाडच ऑइल पायजे ह्याला." म्हणून २० डब्ल्यू ५० मिनरल घातलं (डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतल्या जाडपणाचा, नंतरचा तापल्यावरच्या). या वेळी मात्र अंदाजावर सोडलं नाही. एक लिटरच्या बाटलीवर मार्करने रेघा मारल्या, दर रविवारी सपाट जागेवर, गाडी थंड असताना डिपस्टिक बघायची आणि जेवढं ओतलं तेवढं वहीत लिहायचं. हजार किलोमीटरला साधारण ४०० मिली जात होतं. जाड ऑइल घालूनही! आणि थंडीतल्या सकाळी सेल्फ जड फिरायचा.

पुस्तिका काढून बघितली, तर तिच्यात हवामानाप्रमाणे एकापेक्षा जास्त ग्रेड चालतात. पुढच्या खेपेला १० डब्ल्यू ४० सेमी-सिंथेटिक घातलं. ४० आणि ५० म्हणजे दोन वेगळी जगं आहेत असं आपल्याला वाटतं. पण १०० अंशांना ४०ची हद्द १६.३ सेंटिस्टोक्सला (हे जाडपणाचं माप) संपते आणि ५०ची तिथूनच सुरू होते. ४०तलं घट्टसर आणि ५०तलं पातळसर ऑइल शेजारीच असतात. सेल्फ हलका झाला, घाटात फरक जाणवला नाही. ऑइल जायचं ते हजारी ४५० मिली, म्हणजे जवळपास तेवढंच.

दुखणं दुसरीकडे होतं आणि ते घाटानेच दाखवलं. गिअरमध्ये गाडी रोखत बराच वेळ उतरायचं आणि खाली येऊन ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळा धूर. चढताना काही नाही. ॲक्सिलरेटर सोडून गिअरवर रोखलेल्या गाडीत इंजिनातला व्हॅक्यूम वाढतो आणि कडक झालेल्या व्हॉल्व्ह सीलमधून (व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या रबरी टोप्या) ऑइल खाली ओढलं जातं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर चढावर धूर दिसला असता. दुसऱ्या गॅरेजमध्ये सील बदलून घेतले, पीसीव्ही व्हॉल्व्हही (ऑइलच्या चेंबरमधले वायू परत इंजिनात सोडणारी झडप) चोंदला होता, तोही बदलला. आता तेच १० डब्ल्यू ४०, आणि हजारी १०० मिलीच्या आत. आठ महिने मी डबे बदलत बसलो, खर्च करायचा होता तो रबराच्या सोळा टोप्यांवर.

डब्यावरच्या अक्षरांचा बाऊ करू नका. एपीआय या अमेरिकी संस्थेचा एसएन हा २०१०चा दर्जा, एसपी २०२०चा. आमची पुस्तिका छापली तेव्हा हे दोन्ही नव्हतेच, पण पेट्रोल इंजिनात जुन्या दर्जाच्या जागी नवा चालतो. फुल सिंथेटिक मी घेतलं नाही. छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, पाण्याची वाफ ऑइलमध्ये राहते. पावसाळ्यात झाकणाखाली पांढरी साय धरली होती. असं ऑइल किलोमीटर भरायच्या आधीच बदलावं लागतं, महाग असलं तरी. मी सहा महिन्यांनी बदलतो.

ऑइल फिल्टरचा धडा स्वस्तात मिळाला. मधल्या एका खेपेला दुकानदाराने दिलेला खोक्यावर नीट नाव नसलेला फिल्टर लावला, आणि आठवड्यात सकाळी टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांची) टकटक सुरू झाली. चार-पाच सेकंद, मग शांत. गाडी उभी असताना फिल्टरमधलं ऑइल खालच्या चेंबरमध्ये उतरू नये म्हणून आत एक रबरी झडप असते. काढल्यावर हॅक्सॉने कापून बघितला, तर झडप काळ्या रबराची, आताच बोटाला कडक लागत होती. कंपनीचा लावला आणि टकटक गेली. वाचलेले पैसे होते एका मिसळीचे. (चेंबरच्या नटाचा वायसर प्रत्येक वेळी नवा टाका. मी एकदा जुनाच ठेवला, फरशीवरचा डाग अजून निघाला नाही.)

एअर फिल्टर किती किलोमीटरला, याचं उत्तर आमच्याकडे रस्त्याच्या कामावर अवलंबून आहे. महामार्गाच्या सहापदरीकरणाची धूळ आणि उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम, तीन महिन्यांत कागद मातकट झाला होता. आधी मी कॉम्प्रेसरची हवा मारून तोच परत बसवायचो. उलट्या बाजूने हलकी हवा ठीक, पण पंक्चरवाल्याच्या नळीने जवळून मारली आणि कागदाला बारीक चीर गेली. उजेडासमोर धरल्यावर दिसली.

परवा डिपस्टिक बघितली, खूण अर्ध्याच्या वर आहे. रेघांच्या बाटलीत साडेतीनशे मिली शिल्लक.