केमनला नवा सायलेन्सर: ३,०५० युरो कुठे गेले

माझ्या पोर्शे केमन गाडीला नवा सायलेन्सर बसवला, त्याचं बिल ३,०५० युरो झालं. २,४८० सायलेन्सरचे, ४८० मजुरीचे, म्हणजे ताशी १२० प्रमाणे चार तास, आणि ९० युरो नवे क्लॅम्प, गॅस्केट आणि नट-बोल्ट यांचे. रुपयांत तीन लाखांच्या वर. घरी हा आकडा सांगितला तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही. बाबांनी मात्र पहिला प्रश्न विचारला, "बसवणारा मिस्त्री कोण आहे?" आता सगळं झाल्यावर वाटतं, विचारण्यासारखा प्रश्न तोच होता.

मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते. गाड्यांमधला आवाज आणि कंपनं मोजणं हे माझं रोजचं काम. बाबांचं चिंचवड स्टेशनजवळ गॅरेज होतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ते कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. गाडीचं फायरिंग ऐकत मी मोठी झाले, म्हणून या बाबतीत मी जरा हट्टी आहे.

गाडी २०१७ची पोर्शे ७१८ केमन, दोन लिटर टर्बो, ३०० पीएस (जर्मन अश्वशक्ती), हाताने गिअर टाकायची, सेकंडहँड घेतलेली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: २०१६मध्ये ७१८ आली तेव्हा पोर्शेने या गाडीतलं सहा सिलिंडरचं इंजिन काढून चार सिलिंडरचं टर्बो बसवलं. ताकद वाढली, पण आवाजावरून लोक नाराज झाले आणि ती नाराजी खोटी नव्हती. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, एका फेरीत दोन स्फोट होतात, सहामध्ये तीन. त्यामुळे त्याच आरपीएमला (मिनिटाला तेवढ्याच फेऱ्या असताना) सूर खाली उतरतो. वर टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, एक्झॉस्टच्या म्हणजे धूर बाहेर जायच्या वाटेतच बसलेला, तो वरच्या पट्टीतला बराच आवाज खाऊन टाकतो. उरते एक भरड घरघर. माझ्या गाडीत कंपनीचा स्पोर्ट्स एक्झॉस्टही नव्हता. चालवायला इतकी सुंदर गाडी, आणि सिग्नलला उभी राहिली की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी वाजायची. मला मोठा आवाज नको होता. तो भरडपणा जायला हवा होता.

पहिल्या वर्कशॉपमध्ये मला निम्म्या किमतीत पाइप दाखवला. हातात घेऊन फिरवून पाहिला तर त्यावर मान्यतेचा नंबर कुठेच कोरलेला नव्हता. विचारलं तर उत्तर आलं, हा रेस ट्रॅकसाठी आहे, पण सगळे रस्त्यावर वापरतात. मी तिथून निघाले. जर्मनीत मान्यता नसलेला सायलेन्सर लावला की गाडीचा रस्त्यावर चालवायचा परवानाच रद्दबातल ठरतो, दर दोन वर्षांची तपासणी पास होत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद. गाडीच्या नोंदणीच्या कागदावर यू १ आणि यू ३ असे रकाने असतात. उभ्या गाडीचा आवाज किती आणि चालत्या गाडीचा किती, ते त्यात डेसिबलमध्ये लिहिलेलं असतं. पोलीस तोच कागद बघतात. शिवाय उगाच गोंगाट केल्याचा दंड २०२१पासून ८० युरो आहे.

दुसरं गॅरेज लुडविग्सबुर्गच्या बाहेर, दोन लिफ्टचं. मालक स्वतः माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन झालेले उस्ताद कारागीर, साठीच्या आसपासचे, हाताखाली एक मुलगी शिकाऊ. त्यांनी आधी माझ्या गाडीचा कागद मागितला, मग सायलेन्सरचं मान्यतापत्र काढून त्यातल्या यादीत माझं मॉडेल आणि वर्ष बोटाने दाखवलं. वर्ष महत्त्वाचं आहे. २०१८नंतर युरोपातल्या पेट्रोल गाड्यांना धुरातले बारीक कण अडवणारा फिल्टर यायला लागला, आणि त्या आधीच्या गाडीचा सायलेन्सर नंतरच्या गाडीला कागदोपत्री चालेलच असं नाही. धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिस्टबद्दल पुढे म्हणाले, "कॅटॅलिस्टला मी हात लावणार नाही. ते हवं असेल तर दुसरीकडे जा." मला तेच हवं होतं.

अर्धे पैसे आगाऊ दिले. चार आठवड्यांत माल येईल असं सांगितलं होतं, आला नऊ आठवड्यांनी. मधल्या काळात त्यांनी स्वतःहून एकही फोन केला नाही, प्रत्येक वेळी मीच करायचा. ही माझी पहिली तक्रार. दुसरी म्हणजे ते ९० युरो. अंदाजपत्रकात क्लॅम्प आणि गॅस्केटचा उल्लेख नव्हता. जुने क्लॅम्प पुन्हा लावू नयेत हे मलाही पटतं, पण ते आधी लिहून द्यायला हवं होतं.

गाडी आदल्या संध्याकाळी ठेवून जा, असं त्यांनी सांगितलं होतं. सकाळी गार एक्झॉस्टवर काम करायचं आणि रात्रभर बोल्टवर गंज सोडवणारं तेल मुरू द्यायचं, हा त्यामागचा विचार. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गाडीच्या पोटाखालचे बोल्ट अक्षरशः एकजीव होतात. बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते, त्यांनाही घेऊन गेले. बाबांना जर्मनचा एक शब्दही कळत नव्हता, पण पंधरा मिनिटांत ते आणि माइस्टर एकाच क्लॅम्पकडे बोट दाखवून माना डोलवत होते. एक बोल्ट हलेना. शिकाऊ मुलगी पान्याला लांब पाइप लावायला निघाली, तेव्हा माइस्टरांनी तिला थांबवलं, बोल्टच्या आजूबाजूला तापवलं, पुन्हा तेल, पुन्हा थोडं मागे-पुढे. वीस मिनिटं गेली. बाबा मला हळूच म्हणाले, "हा माणूस तोडणारा नाही. पैसे दे याला."

जुना सायलेन्सर खाली आल्यावर मी तो सामान मोजायच्या काट्याला टांगला. भारतात निघताना बॅग २३ किलोच्या आत आहे ना ते बघायला घेतलेला तो काटा. नवा सहा किलोंनी हलका निघाला. रस्त्यावर हा फरक मला जाणवला असं म्हणणार नाही.

बसवण्याची पद्धत मात्र पाहण्यासारखी होती. आधी सगळे जोड नुसते सैल अडकवले. मग नव्या स्टीलवरचे बोटांचे ठसे स्पिरिटने पुसून काढले, कारण तापल्यावर तेलकट ठसे कायमचे डाग होऊन बसतात. मग मागे दिसणाऱ्या पाइपांच्या दोन्ही टोकांची बंपरपासूनची अंतरं मोजली आणि शेवटी पुढून मागे, एकेक जोड टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळत आले. घाईचा मिस्त्री पहिलाच क्लॅम्प पक्का करतो आणि बाकीचं ताणून बसवतो. तो ताण पुढे कुठेतरी तडा बनून बाहेर येतो. ताशी १२० युरो या कामाचे आहेत, आणि ते मला महाग वाटले नाहीत.

तरीही एक चूक झालीच. एक मीटर स्टेनलेस स्टील चारशे अंशांनी तापलं की साधारण सात मिलिमीटर वाढतं. डाव्या टोकाशी तेवढी मोकळी जागा ठेवली गेली नव्हती. गार असताना सगळं ठीक, पण अर्धा तास महामार्गावर चालवून उतरलं की मागून बारीक झिणझिण. मी दुसऱ्या दिवशी गाडी तापवूनच नेली. माइस्टरांनी खाली वाकून ऐकलं, "माझी चूक" एवढंच म्हणाले, आणि गाडी गार होईपर्यंत थांबून टोक चार मिलिमीटर सरकवलं. पैसे घेतले नाहीत. चूक कबूल करायला त्यांना एक क्षणही लागला नाही, हे मी त्यांच्या बाजूला लिहून ठेवते.

आता आवाज. मोजमापाची पद्धत ठरलेली आहे: मायक्रोफोन टोकापासून पन्नास सेंटिमीटरवर, पंचेचाळीस अंशांच्या कोनात, कागदावर दिलेल्या आरपीएमला. आधी आणि नंतर मीच मोजलं. फरक तीन डेसिबलचा. आकडा लहान आहे, पण सूर बदलला. साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे ती घरघर जाऊन एक भरीव, एकसंध आवाज येतो, आणि तिसऱ्या गिअरमध्ये साडेपाच हजारांपर्यंत ओढलं की तो मोकळा होतो. सहा सिलिंडर होत नाही. कुणी तसं सांगून विकत असेल तर विश्वास ठेवू नका, स्फोटांचा क्रम कुठलाही सायलेन्सर बदलू शकत नाही. सहाच हवे असतील तर याच गाडीची २०२०मध्ये आलेली चार लिटरची जीटीएस आवृत्ती घ्यावी लागेल.

२,००० ते २,५०० आरपीएमच्या मध्ये आत एक गुंजन आहे. २,२५० आरपीएमला चार सिलिंडरचे स्फोट सेकंदाला ७५ वेळा होतात, आणि बरोबर त्याच ७५ हर्ट्झला केबिनमधली हवा साथ देते. कानाला नाही, छातीला जाणवतं. मी एक गिअर खाली टाकते, मग जातं. तुमची गाडी ऑटोमॅटिक असेल तर ती इंधन वाचवायला नेमकी याच पट्ट्यात येऊन बसेल. म्हणून पैसे देण्याआधी ज्याच्या गाडीला हाच सायलेन्सर आहे त्याच्याबरोबर महामार्गावर निदान अर्धा तास बसून या. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून हे कधीच कळत नाही, मोबाइलचा स्पीकर ७५ हर्ट्झ वाजवूच शकत नाही.

सकाळचा पहिला स्टार्ट हा दुसरा मुद्दा. कॅटॅलिस्ट लवकर तापावा म्हणून इंजिन सुरुवातीला जास्त आरपीएमवर चालतं, आणि तेव्हाच ते सगळ्यात मोठं वाजतं. आमच्या खाली एकट्या राहणाऱ्या आजी आहेत. मी आधी त्यांना विचारलं, मग सायलेन्सर बसवून आणल्यावर पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, ऐकू येतं पण लगेच निघून जातेस. तेव्हापासून मी पट्टा आधी लावते, आरसे आधी बघते आणि चावी शेवटी फिरवते.

पुण्याहून चुलतभावाने विचारलं की त्याच्या गाडीला असं करता येईल का. त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. गाडीत असे बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे, २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला आहे, आणि आवाजाची मर्यादा मोडली तर १९०व्या कलमाखाली दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. माझ्याकडे जो मान्यतेचा कागद आहे, तो त्याच्याकडे असणार नाही. त्यापेक्षा गाडी घेतानाच कंपनीचा स्पोर्ट्स एक्झॉस्ट मागून घे, असं मी सुचवलं.

जुना सायलेन्सर खोक्यात घालून तळघरात ठेवला आहे, विकताना लागेल. मान्यतापत्राची एक प्रत डॅशबोर्डच्या कप्प्यात, एक घरी. पाचशे किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा तपासायला बोलावलं होतं, ते गेल्या शनिवारी झालं. दोन क्लॅम्प पाव फेरा आवळले, तेही त्या शिकाऊ मुलीने. माइस्टर बाजूला हात मागे बांधून उभे होते. निघताना त्यांनी बाबा कसे आहेत ते विचारलं.