बायोस अपडेटच्या नावाखाली ८,५५० रुपये उकळले. जुना पीसी दुकानात नेण्याआधी वाचा

१,२०० बायोस अपडेटचे, ६,५०० 'नवीन' मदरबोर्डचे, ८५० डेटा बॅकअपचे. एकूण ८,५५०. यातलं एकही काम झालेलं नव्हतं.

मी सिडकोत घरून छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचं काम करते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. लोकांचे पॅन, बँकेचे तपशील माझ्या मशीनवर, त्यामुळे काळजी वाटणारच. मशीन २०१४ चं, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. विंडोज ११ टाकून घ्यायला एम. जी. रोडवरच्या एका दुकानात नेलं. "ताई, बायोस एक्स्पायर झालंय. अपडेट मारलं की अकरा चालेल."

बायोस एक्स्पायर होत नसतं! मदरबोर्डावरच्या चिपमधलं, विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारं ते सॉफ्टवेअर. त्याचं अपडेट बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर फुकट असतं, पेनड्राइव्हवरून टाकता येतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. चौथ्या पिढीला कुठलंही बायोस आठवीत बसवू शकत नाही. हे तोंडावर सांगा आणि निघा.

संध्याकाळी फोन आला. "अपडेट चालू असताना लाइट गेली, बोर्ड उडाला." थाप इथेच पचली, कारण असं खरंच होऊ शकतं. अपडेट अर्धवट तुटलं तर मशीन चालूच होत नाही. पण तेव्हाही बहुतेकदा बायोसची चिप प्रोग्रामर नावाच्या यंत्रावर पुन्हा लिहिता येते, अख्खा बोर्ड बदलायची गरज नसते. मला ते तेव्हा कोण सांगणार? जीएसटीआर-३बी या दरमहाच्या जीएसटी रिटर्नची २० तारीख तोंडावर होती. मी पैसे यूपीआयने दिले.

घरी आणून चालू केलं, तर काळ्या स्क्रीनवर पासवर्ड मागितला. विंडोजचा नव्हे, त्याच्या आधीचा. तो मी कित्येक वर्षांपूर्वी बायोसमध्ये टाकला होता आणि दुकानात कागदावर लिहून दिला होता. तोच टाकला, मशीन उघडलं. नव्या बोर्डाला माझा जुना पासवर्ड कुठून माहीत? हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता, आणि तो पडला नाही याची चीड अजून जात नाही. पण समोर विंडोज ११ दिसत होतं, आणि "सेटिंग सगळी जुनीच ठेवलीये" हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. बोर्ड बदलला असं सांगून पैसे घेणाऱ्यावर विश्वास ठेवला, यात दोष माझा कसा?

नाताळच्या सुट्टीत भाचा आला. त्याने विंडोज की आणि आर दाबून 'एमएसइन्फो३२' (msinfo32) टाइप केलं, मशीनची माहिती उघडली. बायोसची तारीख २०१४. कॅबिनेट उघडलं, बोर्डावरचा सिरीयल नंबर माझ्या जुन्या बिलावरचाच. विंडोज ११ फक्त तपासणी चुकवून पेनड्राइव्हने चढवलेलं होतं. अशा मशीनला अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्या भीतीपोटी गेले, ती जशीच्या तशी उरली.

दुकानदार म्हणाला, बिल दाखवा. बिलावर नुसतं 'सर्व्हिस'. (बिलावर बोर्डाचं मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि काढलेला जुना बोर्ड मागाच.)

चौकीत गेले. "मॅडम, हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा." १९३० ला फोन केला, तर तो ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे म्हणे, आणि पैसे तुम्हीच दिलेत. म्हणजे दुकानात बसून लुटलं तर ती फसवणूकच नाही? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नंबर मिळाला, नंतर 'दुकानाकडून प्रतिसाद नाही' असा शेरा मारून तक्रार बंद! पुन्हा चौकीत गेले, तर समोरच्या साहेबांना बायोस म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मी फोटो दाखवत होते आणि ते रजिस्टरमध्ये डोकं घालून बसले होते. साधा अर्ज घेऊन पोच द्यायला काय जातं? ८,५५० रुपये हा माझा महिन्याभराचा घरखर्च आहे.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतेय. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं.

विंडोज १० वर असाल तर घाई करू नका. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून, सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवून विंडोज अपडेटमध्ये नोंदणी केली, तर सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत फुकट मिळतात. आणि मशीन देण्याआधी बायोसची तारीख आणि बोर्डाचा सिरीयल नंबर यांचा फोटो दुकानदारासमोरच काढा.